पतसंस्थेने ईमेल आणि फाइली क्लाउडवर नेल्या तर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ग्रामीण बिगरशेती पतसंस्था, चार शाखा, वीसेक कर्मचारी. तरुण संचालकांना मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा गूगल वर्कस्पेस घ्यायचंय. मॅनेजरसाहेब म्हणतात, सभासदांची माहिती परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायचीच कशाला? आणि सुरक्षेचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यावं लागेल का, हेही तुम्ही विचारलंय.

मी जळगाव-धुळे भागातल्या पतसंस्थांची कॉम्प्युटरची कामं बघतो. माझं उत्तर: घ्या. मात्र पैसे भरण्याआधी एक गोष्ट पक्की करा, की खातं संस्थेच्या मालकीचं असेल आणि त्याचा ताबा संचालक मंडळाकडे राहील. बाकीच्या सगळ्या गोष्टी त्यानंतरच्या.

मॅनेजरसाहेबांची काळजी उडवून लावू नका. पतसंस्थेतल्या ठेवीला बँकेसारखं पाच लाखांचं विमा संरक्षण नाही. लोक ठेव ठेवतात ती संचालकांच्या शब्दावर, आणि ठेवी अडकल्या की घराघरांत काय होतं हे जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. पण माहिती बाहेर जाईल असं म्हणताना ती आज कुठे आहे, हे आधी एकदा बघून या. यावल तालुक्यातल्या एका शाखेत कारकुनाने मला दुसरंच काही दाखवायला मोबाईलची गॅलरी उघडली. वर मुलीच्या वाढदिवसाचे फोटो, खाली केळीच्या घडांचे, आणि मधे एका कर्जदाराचं आधार कार्ड, दोन्ही बाजूंनी. त्याच्यामागे जामीनदाराचा पगारदाखला, सातबारा आणि सही केलेला कोरा चेक. हे सगळं 'कर्ज विभाग' नावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेलं होतं, आणि नोकरी सोडून गेलेले दोघे अजूनही त्या ग्रुपमध्ये होते. त्या कारकुनाला दोष देता येत नाही, मुख्य कार्यालयाने त्याला दुसरी सोयच दिली नव्हती. माहिती बाहेर गेलेलीच आहे. आता प्रश्न ती परत एका ठिकाणी, हिशोबात आणण्याचा आहे.

म्हणून क्लाउडवर काय न्यायचं ते स्पष्ट ठेवा. सीबीएस, म्हणजे ठेव-कर्जाची खाती, कीर्द-खतावणी, दिवसअखेर, हे वेगळं सॉफ्टवेअर आहे आणि ते तिथेच राहील. इकडे न्यायचे ते ईमेल, कर्जप्रकरणांचे स्कॅन, संचालक मंडळाची इतिवृत्तं, लेखापरीक्षकाला द्यायच्या याद्या, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालच्या वसुली प्रकरणांची कागदपत्रं. आज यातलं निम्मं मॅनेजरच्या स्वतःच्या जीमेलवर असतं आणि निम्मं पेन ड्राईव्हवर.

आता ताब्याचं. चोपड्याकडच्या एका संस्थेत हे मी चेअरमनना समजावत होतो. वयस्कर माणूस, कॉम्प्युटरला कधी हात लावलेला नाही. सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मंग हाई कुलूपनी चावी कोनाजोडे शे, भाऊ?" यापेक्षा नेमका प्रश्न मला कुठल्या कन्सल्टंटनेही विचारलेला नाही. संस्थेची तिजोरी एका किल्लीने उघडत नाही, एक मॅनेजरकडे आणि एक कॅशियरकडे असते. क्लाउडच्या अ‍ॅडमिन खात्यालाही हाच नियम लावा. त्या संस्थेचं डोमेन, म्हणजे वेबसाईट आणि ईमेलच्या पत्त्यातलं नाव, ज्याने वेबसाईट करून दिली त्याच्या स्वतःच्या नावावर नोंदलेलं होतं, आणि ईमेलच्या अ‍ॅडमिन खात्याला रिकव्हरीसाठी दिलेला मोबाईल नंबर दोन वर्षांपूर्वी राजीनामा दिलेल्या क्लार्कचा होता. पैसे संस्था भरत होती, पण उद्या वाद झाला असता तर संस्थेला स्वतःचाच ईमेल उघडता आला नसता. डोमेन परत संस्थेच्या नावावर करून घ्यायला बरीच पत्रापत्री लागली.

तेव्हा डोमेन संस्थेच्या नावाने, संस्थेच्या पॅनवर, बिल संस्थेच्या नावाने घ्या. अ‍ॅडमिन दोन नेमा, एक कर्मचारी आणि एक संचालक, आणि दोघांनाही रोजच्या कामाला वेगळं साधं खातं द्या. अ‍ॅडमिन खात्याने रोजचा ईमेल वाचायचा नाही. तिसरं खातं फक्त अडचणीच्या वेळेसाठी. त्याचा पासवर्ड कागदावर लिहून, सोबत यूएसबीसारखी दिसणारी सिक्युरिटी की ठेवून, पाकीट सीलबंद करून तिजोरीत. जो तुम्हाला हे बसवून देईल त्याला काम संपेपर्यंतच अ‍ॅडमिनचे अधिकार द्या आणि नंतर काढून घ्या. मी स्वतःही काम झालं की संस्थेला ते काढून घ्यायला सांगतो. हे सगळं संचालक मंडळाच्या ठरावात नावांसकट लिहा. माणूस नोकरी सोडेल त्याच दिवशी त्याचं खातं बंद, हेही ठरावात येऊ द्या.

दुसरी पायरी लॉगिनची. प्रत्येकाला पासवर्डसोबत दुसरा पुरावा, म्हणजे मोबाईलवरचा कोड किंवा सिक्युरिटी की, सक्तीचा करा. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये सांगितलं होतं की खातं बळकावण्याचे ९९.९ टक्के हल्ले एवढ्यानेच थांबतात. इथे आपल्याकडची नेहमीची हरकत येते, की सातपुड्याच्या कडेच्या शाखेत रेंज नसते, ओटीपी येत नाही. ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधल्या सहा आकडी कोडला रेंज लागत नाही, मोबाईलचं घड्याळ बरोबर असलं की तो चालतो. एसएमएसपेक्षा तो सुरक्षितही आहे, कारण तुमच्या नंबरचं सिम दुसऱ्याने स्वतःसाठी काढून घेतलं तरी अ‍ॅप तुमच्याच हातात राहतं. कुणाकडे साधा फोन असेल तर त्याला वरचीच सिक्युरिटी की द्या. एका शाखेचं एकच लॉगिन चौघांनी वापरायचं, ही सवय मात्र मोडावीच लागेल. कोणती फाईल कुणी उघडली हे नंतर कळलं नाही तर चौकशीत सगळेच अडकतात.

सुरक्षेचं सॉफ्टवेअर वेगळं घ्यायचं का? मायक्रोसॉफ्टकडे जाणार असाल तर स्वस्तातल्या बेसिक प्लॅनमध्ये ईमेल आणि फाइलींची जागा मिळते. कॉम्प्युटरचं संरक्षण, हरवलेल्या लॅपटॉपवरचा डेटा पुसण्याची सोय आणि कुठून लॉगिन होऊ द्यायचं याचे नियम बिझनेस प्रीमियममध्ये येतात, तो ३०० वापरकर्त्यांपर्यंत घेता येतो. माझ्या मते मुख्य कार्यालय, कर्ज विभाग आणि शाखाधिकारी यांना प्रीमियम, बाकीच्यांना बेसिक, हा तुमच्या आकाराच्या संस्थेला परवडणारा मार्ग आहे. पिग्मी एजंटांना खात्याची गरज नाही. आणि त्याआधी शाखांमधले कॉम्प्युटर बघा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, विंडोज ७ तर कधीच. तसल्या मशीनवर महागडं सॉफ्टवेअर टाकून फार उपयोग होत नाही, आधी मशीन बदला.

गूगल की मायक्रोसॉफ्ट यावर मी वेळ घालवणार नाही. स्टाफ एक्सेलवर बसलेला असेल तर मायक्रोसॉफ्ट घ्या. दोन्ही कंपन्यांची डेटा सेंटर भारतात आहेत, मायक्रोसॉफ्टचं एक तर पुण्यातच आहे. तुमच्या खात्याचा डेटा कुठे ठेवला जाणार, हे तेवढं खरेदीच्या वेळी लेखी घ्या.

बॅकअपबद्दल मोठा गैरसमज आहे. क्लाउडवर आहे म्हणजे कायमचं आहे, असं नाही. वनड्राईव्ह-शेअरपॉइंटवरून पुसलेली फाईल ९३ दिवस परत मिळते, त्यानंतर नाही. शाखेतल्या कॉम्प्युटरवर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, आलं तर कुलूपबंद झालेल्या फाइली तशाच सिंक होऊन वर जातात. मागच्या आवृत्त्या परत आणता येतात, पण ते वेळेत लक्षात आलं तर. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरची प्रत दर आठवड्याला वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क काम झाल्यावर काढून तिजोरीत. तीन महिन्यांतून एकदा त्यातली एखादी फाईल उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर मी विश्वास ठेवत नाही.

वीज आणि नेटची धास्ती आहे तेवढी धरू नका. मे-जूनच्या वादळात रावेर भागात केळीच्या बागांबरोबर तारा आणि खांबही पडतात, हे खरंय. पण फाइली कॉम्प्युटरवर सिंक केलेल्या असल्या की नेट नसतानाही काम चालतं, लाईन आली की आपोआप वर जातं. शाखेत फायबर आणि वेगळ्या कंपनीचं एक सिम एवढी तयारी पुरते.

कायद्याचं थोडं सविस्तर सांगतो, कारण संचालक इथेच सर्वांत जास्त गाफील असतात. रिझर्व्ह बँकेची सायबर सुरक्षेची चौकट नागरी सहकारी बँकांसाठी आहे, २०१८ ची प्राथमिक आणि ३१ डिसेंबर २०१९ ची चार स्तरांची. पतसंस्थेला ती बंधनकारक नाही. तरीही त्यातला पहिला स्तर काढून वाचा, तुमच्या कामाला तो बेतून घेतल्यासारखा वाटेल. मात्र सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश कुठल्याही निगम निकायाला (बॉडी कॉर्पोरेटला) लागू आहेत, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३६ प्रमाणे नोंदलेली संस्था निगम निकायच असते. सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवायची आणि लॉग, म्हणजे कुणी कधी काय केलं याच्या कॉम्प्युटरमधल्या नोंदी, १८० दिवस जपायचे, असं ते निर्देश सांगतात. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा साधा ऑडिट लॉग आता १८० दिवस राहतो, तो सुरू आहे ना एवढं तपासा. त्यावर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आलाय. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी आहे. पतसंस्थेला तेवढा होईल असं मी म्हणत नाही, पण कर्जदाराचं आधार व्हॉट्सअॅपवर फिरतंय हे समोर आलं तर ती वाजवी काळजी होती असं कुणालाच म्हणता येणार नाही.

सीबीएस पुरवणाऱ्यालाही हेच प्रश्न विचारा. २०२४ च्या जुलैअखेर सी-एज या कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि जवळपास ३०० लहान बँकांची पेमेंट सेवा थांबवावी लागली. त्या बँकांनी स्वतः काही केलेलं नव्हतं. तुमचा डेटा कुठल्या सर्व्हरवर आहे, त्याची प्रत कोण घेतं आणि करार संपला तर तो कुठल्या स्वरूपात परत मिळेल, हे करारात हवं.

फसवणुकीचा ईमेल येणारच, कुठलंही फिल्टर शंभर टक्के अडवत नाही. डोमेनवर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या ईमेल खरा आहे का ते तपासणाऱ्या तीन नोंदी लावून घ्या, म्हणजे तुमच्या नावाने दुसऱ्याने ईमेल पाठवणं अवघड होतं. आणि चेअरमनच्या नावाने आरटीजीएसचा ईमेल आला तर आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करून खात्री केल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत, मग चेअरमन रागावले तरी चालेल. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

एक शेवटचं, वेळेबद्दल. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये काढू नका, तेव्हा सगळा स्टाफ वसुलीत असतो आणि एप्रिल ताळेबंदात जातो. सप्टेंबरची वार्षिक सभा झाली की ठराव करा. दिवाळीनंतर मुख्य कार्यालयापासून सुरुवात करून महिनाभर तेवढंच चालवा, मग एकेक शाखा जोडा. जुना व्हॉट्सअॅप ग्रुप शेवटच्या शाखेचं स्कॅनिंग नवीन फोल्डरमध्ये सुरू झाल्यावर बंद करा, आणि त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनमधले जुने फोटो शाखाधिकाऱ्यासमोर पुसून घ्या.