गल्लीचं नाव कुणी टाकलं?

प्रश्न : मी पंचवटीत राहते. रात्री मराठी विकिपीडियावर पांडवलेणी, रामकुंड यांवर लिहिते. एका वादानंतर कुणीतरी चर्चापानावर माझं खरं नाव आणि गल्ली टाकली. आता दाराची बेल वाजली की हातातला चहा हिंदकळतो. लिहिणं सोडू का?

उत्तर : ताई, सोडायचं की नाही ते नंतर बघू. आधी तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, दुवा जपा. तो मजकूर नुसता खोडून भागत नाही, पानाच्या इतिहासात तो तसाच राहतो. तो कायमचा झाकण्याचा अधिकार मोजक्याच सदस्यांकडे असतो. त्यांना खासगी ईमेल करा. चर्चापानावर विनंती मुळीच नको, नाहीतर ज्यांनी पाहिलं नव्हतं तेही पाहतील. कुणाची माहिती अशी उघड करणं विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया संस्थेच्या आचारसंहितेत छळच मानलं आहे.

नाव टाकणाऱ्याला उत्तर देऊ नका, एकही ओळ नको. मी एकदा दिलं होतं, पुढचे तीन आठवडे झोप उडाली. घरात सांगा, एकटीने सोसू नका. मारण्याची धमकी आली तर तडक ११२. छातीतली धडधड थांबत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ रात्रीही चालू असतो, मोफत. रामकुंडाचा लेख कुठे पळून जात नाही.