मानवी अवकाशयाने ठरल्या तारखेला का उडत नाहीत?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: १९६० च्या दशकात आठ-नऊ वर्षांत माणूस चंद्रावर उतरवता आला, मग आज इतके प्रगत संगणक हाताशी असताना बोइंगचे स्टारलायनर, नासाचे ओरायन आणि भारताचे गगनयान ही सारी याने ठरल्या वेळेच्या कित्येक वर्षे मागे का, आणि याला अकार्यक्षमता म्हणायचे का? मी अवकाश क्षेत्रात काम केलेले नाही. मात्र रासायनिक कारखान्यांत दाबाखालच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह तपासण्याचे काम अनेक वर्षे केले आहे आणि या यानांकडे मी त्याच नजरेने पाहत आलो आहे, त्यामुळे माझे उत्तर व्हॉल्व्हपासूनच सुरू होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये बोइंगचे स्टारलायनर दुसऱ्या मानवरहित चाचणीसाठी रॉकेटवर बसवून सज्ज होते आणि त्याच्या सर्व्हिस मॉड्यूलमधील (इंजिने आणि इंधन असलेल्या मागच्या भागातील) ऑक्सिडायझरच्या, म्हणजे इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाच्या, २४ व्हॉल्व्हपैकी १३ उघडेनात. हा ऑक्सिडायझर म्हणजे नायट्रोजन टेट्रॉक्साइड. टेफ्लॉनच्या सीलमधून तो अगदी सूक्ष्म प्रमाणात झिरपतो. सीलपलीकडे हवेतील ओलावा पोहोचला होता. दोहोंच्या संयोगातून नायट्रिक आम्ल तयार झाले, त्याने धातूला गंज चढवला आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी चिकटले. कारण सांगायला चार वाक्ये पुरतात, पण यान प्रत्यक्ष उडायला मे २०२२ उजाडला. मला याचे नवल वाटले नाही, कारण माझ्या हाताखालून गेलेला एक व्हॉल्व्ह चाचणीच्या टेबलावर शेकडो वेळा बिनतक्रार उघडला-मिटला होता, आणि द्रवाने भरून काही आठवडे नुसता उभा ठेवल्यावर पहिल्याच वेळी अडकला होता. उघडझाप किती वेळा होते हे आम्ही मोजले होते. नुसते उभे राहण्याची चाचणी कुणाला सुचली नव्हती.

ज्या कंपनीचे उदाहरण वेगासाठी दिले जाते, त्या स्पेसएक्सचीही गोष्ट वेगळी नाही. मार्च २०१९ मध्ये अवकाशस्थानकापर्यंत जाऊन सुखरूप परतलेले क्रू ड्रॅगन यान २० एप्रिल २०१९ रोजी जमिनीवरच्या चाचणीत, आपत्कालीन सुटकेची इंजिने पेटण्याच्या क्षणभर आधी, स्फोट होऊन नष्ट झाले. गळक्या चेक व्हॉल्व्हमधून (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हमधून) थोडासा नायट्रोजन टेट्रॉक्साइड दाब देणाऱ्या हेलियमच्या नळीत शिरला होता. नळीत दाब चढताच तो प्रचंड वेगाने टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर आदळला आणि त्या व्हॉल्व्हनेच पेट घेतला. उपाय म्हणून तेथे ठरावीक दाबाला एकदाच फुटणाऱ्या चकत्या बसवल्या गेल्या, आणि दोन अंतराळवीरांना घेऊन ड्रॅगन उडाले ते ३० मे २०२० रोजी.

या सगळ्यात वेळ कुठे जातो? भाग बदलायला तो फारसा लागत नाही. बिघाडाचे कारण हेच होते, दुसरे नव्हते, हे सिद्ध करण्यात तो जातो. बिघाड जमिनीवर पुन्हा घडवून दाखवावा लागतो, तोच भाग यानात आणखी कुठे कुठे आहे ते शोधावे लागते, आणि भाग बदलला की त्याच्यासह आधी उत्तीर्ण झालेल्या चाचण्या नव्याने कराव्या लागतात. उपग्रहाच्या बाबतीत ‘हे कारण बहुधा असावे’ एवढ्यावर भागते. त्याचा विमाही अनेकदा उतरवलेला असतो. माणसे नेणाऱ्या खासगी यानांसाठी, म्हणजे स्टारलायनर आणि ड्रॅगनसाठी, नासाने घातलेली अट अशी होती की संपूर्ण मोहिमेत अंतराळवीर दगावण्याची शक्यता २७० मध्ये एकापेक्षा अधिक असू नये. ‘बहुधा’ म्हणून हा आकडा गाठता येत नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण मला ओरायनचे वाटते. नोव्हेंबर २०२२ मध्ये निघालेल्या आर्टेमिस-१ मोहिमेत हे यान चंद्राला वळसा घालून मानवरहित परतले, तेव्हा त्याच्या उष्णतारोधक कवचाचे शंभराहून अधिक ठिकाणी ढलपे उडालेले आढळले. हे कवच जळत जळत झिजावे अशीच त्याची रचना आहे, परंतु तुकडे निखळणे अपेक्षित नव्हते. ओरायन वातावरणात एकदा शिरते, किंचित वर उसळते आणि पुन्हा शिरते. या दोन बुड्यांच्या मधल्या काळात तापमानवाढीचा वेग कमी झाला. त्यामुळे कवचाच्या आत वायू तयार होत राहिले, पण ते बाहेर पडू देणारा सच्छिद्र कोळशाचा थर पुरेशा वेगाने तयार झाला नाही. वायू आत कोंडले, दाब वाढला आणि कवचाला भेगा गेल्या. गंमत अशी की उड्डाणापूर्वीच्या चाचण्या प्रत्यक्षापेक्षा अधिक तीव्र उष्णतेखाली झाल्या होत्या, आणि नेमक्या त्या तीव्रतेमुळे कोळशाचा थर झटपट तयार होऊन वायूंना वाट मिळत होती. चाचणी सौम्य असती तर दोष दिसला असता! डिसेंबर २०२४ मध्ये नासाने हे कारण जाहीर केले आणि पुढच्या मोहिमेत कवच तेच ठेवून वातावरणात शिरण्याचा मार्ग बदलण्याचे ठरवले. या दोन वर्षांना अकार्यक्षमता म्हणणे मला जमत नाही.

मात्र सगळाच उशीर असा निष्पाप नसतो आणि तुमच्या प्रश्नातील शंकेला तेवढा आधार आहे. डिसेंबर २०१९ मध्ये स्टारलायनरच्या पहिल्याच उड्डाणात यानाचे घड्याळ सुमारे अकरा तास चुकले होते, कारण त्याने रॉकेटकडून वेळ चुकीच्या क्षणी उचलली होती. आपण मोहिमेच्या वेगळ्याच टप्प्यात आहोत असे समजून यानाने इंधन उधळले आणि अवकाशस्थानक गाठणे अशक्य झाले. ते कक्षेत असतानाच सॉफ्टवेअरमधील आणखी एक चूक सापडली. ती घाईने दुरुस्त केली नसती, तर वेगळे झालेले सर्व्हिस मॉड्यूल परतणाऱ्या कुपीवर, म्हणजे अंतराळवीर बसतात त्या भागावर, येऊन आदळू शकले असते. उड्डाणापासून स्थानकाला जोडले जाईपर्यंतची अखंड चाचणी न करता ती तुकड्या-तुकड्यांत उरकली गेली होती, हे नंतर स्पष्ट झाले. २०२३ मध्ये तर तारांवर गुंडाळलेली चिकटपट्टी ज्वलनशील असल्याचे आणि पॅराशूटच्या दोऱ्यांमधील काही जोड अपेक्षेपेक्षा कमकुवत असल्याचे लक्षात आले. दोन्ही गोष्टी वर्षानुवर्षे यानातच होत्या. इथे निसर्गाने नवे काही शिकवलेले नाही. हे तपासणीतले ढिलेपण आहे.

म्हणून यान किती वर्षे मागे पडले यापेक्षा दोष कोणत्या टप्प्यावर सापडला, हे मी आधी पाहतो. ड्रॅगनचा स्फोट जमिनीवर झाला, ओरायनचे कवच माणसे नसताना सोलवटले. याउलट ५ जून २०२४ रोजी बुच विल्मोर आणि सुनीता विल्यम्स यांना घेऊन निघालेल्या स्टारलायनरमध्ये हेलियमची गळती झाली, आणि स्थानकाजवळ पोहोचताना यानाची दिशा सांभाळणाऱ्या २८ छोट्या इंजिनांपैकी (थ्रस्टरपैकी) पाच बंद पडली. यान सप्टेंबरमध्ये रिकामेच परत आणावे लागले, आणि आठवडाभरासाठी गेलेले ते दोघे मार्च २०२५ मध्ये ड्रॅगनमधून परतले.

१९६० च्या दशकाबद्दल एवढेच सांगतो की तेव्हाही उशीर झालाच होता, फक्त त्याची किंमत आधी मोजली गेली. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या जमिनीवरील सरावात, शुद्ध प्राणवायूने भरलेल्या कुपीत आग लागली आणि आतल्या बाजूला उघडणारे दार वेळेत न उघडल्याने गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी हे तिघे मृत्युमुखी पडले. त्यानंतर दार, तारा आणि आतले ज्वलनशील साहित्य बदलण्यात एकवीस महिने गेले. सोव्हिएत संघाचे सोयुझ यान आधीच्या मानवरहित प्रयत्नांत एकदाही निर्दोष ठरले नव्हते. तरीही एप्रिल १९६७ मध्ये व्लादिमीर कोमारोव्ह यांना त्यातून पाठवले गेले. परतताना मुख्य पॅराशूट पेटीतून बाहेरच आले नाही आणि कोमारोव्ह गेले. पुढचे समानव सोयुझ ऑक्टोबर १९६८ मध्ये उडाले. शिवाय पैशाचा प्रश्न आहे: १९६६ च्या सुमारास अमेरिकेच्या केंद्रीय खर्चाचा चार टक्क्यांहून अधिक वाटा नासाला मिळत होता, आज तो अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. खासगी यानांच्या कार्यक्रमाचे मूळ लक्ष्य २०१५ होते. ते २०१७ वर सरकले त्यामागे सुरुवातीच्या वर्षांत मागणीपेक्षा कमी मिळालेला निधी हेही एक मोठे कारण होते.

गगनयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ रोजी झाली आणि लक्ष्य २०२२ ठरले. पुढच्या सगळ्या चाचण्या पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण होतील असे धरूनच अशी तारीख काढली जाते. मध्ये कोविडची साथ आली. अंतराळवीरांना श्वासोच्छ्वासासाठी हवा पुरवणारी, तापमान आणि आर्द्रता सांभाळणारी यंत्रणा बाहेरच्या देशांकडून मिळेना, म्हणून ती इस्रोला स्वतः विकसित करावी लागली. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी, संकटात कुपीला रॉकेटपासून दूर नेणाऱ्या सुटका यंत्रणेच्या चाचणी-उड्डाणात उलटी गणती शेवटच्या पाच सेकंदांवर संगणकाने आपोआप थांबवली. कारण शोधून त्याच सकाळी उड्डाण झाले आणि कुपी समुद्रात अलगद उतरली. यापुढे नवी तारीख जाहीर झाली की मी दोन गोष्टी शोधतो: मानवरहित उड्डाणांत ही हवेची यंत्रणा किती अंशी चालवून पाहिली जाणार आहे, आणि त्यांतले शेवटचे उड्डाण व माणसांचे पहिले उड्डाण यांच्यामध्ये, सापडलेले दोष निस्तरायला किती महिने राखून ठेवले आहेत.