मुंब्र्याजवळ मित्र लोकलमधून पडताना पाहिला. वर्ष होत आलं, तरी गाडीत छाती धडधडते. २६व्या वर्षी हृदयाला धोका आहे का?

आघातानंतरच्या ताणाचा हृदयाशी संबंध नक्की आहे, पण धडधड म्हणजे हृदयविकार जडला असं नाही. आघातानंतरच्या ताणाच्या विकारात (पीटीएसडी) धोका टळला तरी शरीर सावधच राहतं: गाडीचा भोंगा ऐकला की अ‍ॅड्रेनलिन हे ताणाचं संप्रेरक उसळतं, नाडी आणि रक्तदाब चढतो, रात्री झोप मोडते. त्यात सिगारेट वाढते, चालणं सुटतं. तरी सगळा दोष सवयींचा नाही. व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यात असलेल्या अमेरिकी जुळ्यांच्या २०१३च्या अभ्यासात, हा ताणाचा विकार असलेल्यांत हृदयविकार दुपटीहून जास्त आढळला. सवयी आणि नैराश्य हिशेबात धरूनही फरक उरलाच. मात्र ती माणसं तोवर मध्यमवयीन झाली होती, तो आकडा स्वतःला लावून घाबरू नका.

एकदा रक्तदाब, ईसीजी, थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते ठीक निघालं तर दर महिन्याला नवा ईसीजी काढत बसू नका, उपचार मनावर हवेत. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे. १४४१६ या टेलिमानस (सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी) क्रमांकावर मराठीतही बोलता येतं. जिना चढताना छातीत दुखलं किंवा भोवळ येऊन पडलात, तर मात्र थेट इस्पितळ गाठा.