लोकशाहीचे तोटे काय आहेत?

तोटे विचारलेत म्हणून तेवढंच सांगतो, आणि आपल्याच देशातलं सांगतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते मतं आणि जागांचं गणित. आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग निम्म्याहून जास्त लोकांनी त्याला नाकारलेलं असलं तरी चालतं. २०१४ च्या लोकसभेत भाजपला साधारण ३१ टक्के मतं होती आणि जागा मिळाल्या २८२, म्हणजे स्पष्ट बहुमत, आणि त्याच वेळी बसपाला ४ टक्क्यांच्या वर मतं पडूनही एकसुद्धा खासदार नाही, म्हणजे दोन कोटींहून जास्त माणसांनी उन्हात उभं राहून दिलेलं मत संसदेत कुठे दिसलंच नाही. (पक्ष कुठलाही असो, काँग्रेसच्या काळातही हेच व्हायचं.)

दुसरं म्हणजे पैसा. मोठ्या राज्यांत लोकसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ९५ लाख आहे पण पक्षाने किती खर्च करायचा याला मर्यादाच नाही, मग साधा कार्यकर्ता उभा राहणार कसा?

आणि सरकार पाच वर्षांपुढचं बघत नाही. पाण्याचं, मातीचं काम दिसायला दहा-पंधरा वर्षं लागतात, तेवढा धीर कोणाला नसतो, त्यापेक्षा निवडणुकीआधी खात्यात पैसे टाकणं सोपं पडतं.

त्यात मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ ला संपली, निवडणूक वेळेवर झालीच नाही आणि पुढे तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासकच कारभार बघत होता. तेव्हा वॉर्डातलं गटार तुंबलं तर नगरसेवकच नव्हता, जायचं कोणाकडे?