वाचक विचारतात: पुस्तक जुनं पडतंय, काय करावं?

प्रश्न: लातूर, नांदेड आणि परभणीचे आम्ही नऊ जण मिळून जँगोवर (पायथन भाषेत वेबसाइट बांधायची तयार चौकट) मराठीत मोफत पुस्तक लिहितोय. उदाहरण आडतीच्या हिशेबाचं घेतलंय: शेतकरी, माल, पोती, वजन, पट्टी. सुरुवात जँगोच्या ४.२ व्हर्जनवर केली. आता ५.२ टाकून पाहिलं तर लॉगआउटची लिंक दाबताच ४०५ (‘ही पद्धत चालत नाही’ असा एरर) येतो. दर वेळी सगळं नव्याने लिहायचं का?
— एक वाचक, लातूर

उत्तर: नाही. आधी लॉगआउटचं पाहू. साध्या लिंकने लॉगआउट करणं ४.१ मध्येच मोडीत काढायला घेतलं होतं आणि ५.० मध्ये ते बंद झालं. कारण रास्त आहे: साधी लिंक ब्राउझर आगाऊ उघडू शकतो, दुसरी एखादी साइट चित्राच्या नावाखाली ती मागवू शकते, आणि माणूस नकळत बाहेर फेकला जातो. लिंकऐवजी पोस्ट पद्धतीचा फॉर्म द्या, आत सीएसआरएफ टोकन (विनंती तुमच्याच साइटवरून आली याची खूण) आणि एक बटण. हे कारणही पुस्तकात लिहा, कोड बदलला तरी ते टिकतं.

हे बंद होणार असा इशारा ४.२ वर मिळत होता, पण असे इशारे एरवी दिसत नाहीत. टेस्ट (कोड आपोआप तपासणारा कोड) चालवताना पायथनला ‘डब्ल्यू ए’ (-Wa) हा स्विच द्या म्हणजे दिसतील. तुमच्या टेस्टमध्ये लॉगआउटची पायरी मात्र हवी. जी ओळ चालतच नाही तिचा इशारा येणार कुठून?

जँगोचं नवं व्हर्जन साधारण दर आठ महिन्यांनी येतं. त्याच्यामागे धावू नका. दीर्घ मुदतीचं व्हर्जन दोन वर्षांतून एकदा येतं आणि त्याला तीन वर्षं सुरक्षा दुरुस्त्या मिळतात. ५.२ एप्रिल २०२५ मध्ये आलं, म्हणजे एप्रिल २०२८ पर्यंत निभावेल. पुस्तक त्यावर बांधा. रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये (लागणाऱ्या पॅकेजांची यादी) ५.२ च्या दुरुस्त्या येऊ द्या, ६.० अडवा.

खरी चूक होते ती कोड प्रकरणात हाताने चिकटवण्यात. नऊ जण लिहितात, एक जण प्रोजेक्ट सुधारतो आणि उरलेल्या आठ प्रकरणांत जुना कोड तसाच राहतो. आडतीचा प्रोजेक्ट वेगळा ठेवा, प्रत्येक प्रकरणाअखेरची स्थिती गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) टॅग करा, म्हणजे तिला नाव द्या, आणि पुस्तक बांधणाऱ्या स्फिंक्सच्या ‘लिटरलइन्क्लूड’ या सूचनेने तुकडा थेट त्या फाइलमधून ओढा. ओळींचे आकडे देऊन ओढू नका. वर एक इंपोर्ट वाढला की भलताच तुकडा छापला जातो. फंक्शनचं किंवा क्लासचं नाव द्या. (वजन आणि भाव डेसिमलफील्डमध्येच ठेवा, त्यात दशांश नेमके राहतात. फ्लोटमध्ये ते अंदाजे साठतात, तसं ठेवलेत तर पट्टीची बेरीज पैशांत चुकते, आणि वाचक तेच गिरवतो.)

ॲडमिनचे (जँगोसोबत येणारी माहिती भरायची तयार पानं) स्क्रीनशॉट मोजकेच द्या. ३.१ मध्ये डावीकडे यादीची पट्टी आली आणि त्याआधीची सगळी चित्रं एका फटक्यात जुनी झाली.

पीडीएफसाठी स्फिंक्सचं इंजिन (पानं जुळवणारा प्रोग्राम) झीलाटेक करा. नेहमीच्या पीडीएफलाटेकवर देवनागरी अडते. कोडमधल्या मराठी कॉमेंटच्या जागी चौकोन दिसले, तर कोडच्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही असं समजा.

परवाना आजच ठरवा. मजकुराला क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० (नाव द्या आणि बदललेलंही याच परवान्याखाली वाटा), कोडला एमआयटी (जवळपास विनाअट मोकळा), आणि नऊही जणांची लेखी संमती. प्रत्येक प्रकरणाचा हक्क ते लिहिणाऱ्याकडे असतो. पुढे एकाचा जरी संपर्क तुटला, तरी त्याच्या प्रकरणाचा परवाना इतरांना बदलता येत नाही.

प्रश्न: जँगोच्या मराठी पुस्तकात मायग्रेशनला (डेटाबेसची रचना बदलणारी फाइल) ‘स्थलांतर’ लिहावं का?
— एक वाचक, बीड

उत्तर: नको. आपल्याकडे स्थलांतर म्हटलं की ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं डोळ्यांसमोर येतात. शिवाय स्क्रीनवर वाचकाला मायग्रेशन हाच शब्द दिसणार आहे. मायग्रेशन, मॉडेल, व्ह्यू तसेच ठेवा आणि पहिल्यांदा येतील तिथे एका वाक्यात अर्थ सांगा. ‘आवृत्ती’ मात्र फक्त पुस्तकाची म्हणा, जँगोचं ‘व्हर्जन’. नाहीतर ‘दुसऱ्या आवृत्तीत हे चालत नाही’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात.