भाचा पिट्सबर्गला शिकायला गेलाय. फोनवर सारखा क्वार्टरबॅक आणि ड्राफ्ट एवढंच बोलतो, आता मोटारसायकल घेतोय आणि म्हणतो तिथे हेल्मेट लागत नाही. यातलं खरं किती?

तुमचे खरं तर दोन प्रश्न आहेत. क्वार्टरबॅक (अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकून संघाचा डाव चालवणारा गडी) निवडणं हे काय प्रकरण आहे हा एक, आणि हेल्मेटचा दुसरा. दुसरा वाचून हात थांबेना, म्हणून आधी तोच घेतो.

"हेल्मेट लागत नाही" हे अर्धंच खरं आहे. पेनसिल्व्हेनियाने २००३ साली हेल्मेटचा कायदा सैल केला. पण सवलत फक्त एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना, आणि त्यातही ज्यांच्याकडे दोन वर्षं मोटारसायकलचं लायसन्स आहे किंवा ज्यांनी सरकारमान्य सेफ्टी कोर्स पास केलाय त्यांनाच. तुमचा भाचा आत्ता लर्निंगवर असणार. त्याला हेल्मेट कायद्यानेच लागतं. हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही. मामा-मावशीला सांगताना पोरं सोयीचा तेवढा भाग सांगतात.

आता पिट्सबर्गात स्टीलर्सचं, म्हणजे इथल्या अमेरिकन फुटबॉल संघाचं, वेड लागलेल्या पोराने मोटारसायकल आणि क्वार्टरबॅक हे दोन शब्द एका दमात उच्चारले, तर आमच्यासारख्या जुन्या लोकांना एकच तारीख आठवते. १२ जून २००६, सोमवार. मी तेव्हा डाउनटाउनमध्येच कामाला होतो. दुपारी जेवायच्या आधी ऑफिसात कुजबुज सुरू झाली की बेनला अपघात झालाय. आडनाव कोणी घेतलंच नाही, गरजच नव्हती. बेन रॉथलिसबर्गर, स्टीलर्सचा क्वार्टरबॅक. २००४ च्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजातली पोरं संघांनी निवडायची वार्षिक फेरी) अकरावा निवडला गेलेला, पहिल्याच वर्षी नियमित हंगामातले सुरुवात केलेले तेराच्या तेरा सामने जिंकलेला, आणि २००६ च्या फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिलेला. तेवीस वर्षांचा होता. इतक्या कमी वयात सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक त्याआधी झाला नव्हता.

त्यानंतर चारच महिन्यांनी हा पोरगा सुझुकी हायाबुसावर, बिनहेल्मेटचा, सेकंड अव्हेन्यूवरून सरळ चालला होता. टेन्थ स्ट्रीटच्या चौकात समोरून येणारी गाडी डावीकडे वळली. आपल्याकडे उजवीकडे वळताना समोरची वाहतूक कापावी लागते, इथे डावीकडे वळताना. बेन तिच्यावर आदळला. जबडा मोडला, नाक मोडलं, सात तास ऑपरेशन चाललं. पोलिसांनी गाडीवाल्या बाईंवर रस्ता न दिल्याचा ठपका ठेवला आणि बेनवर वैध लायसन्स नसल्याचा आणि हेल्मेट नसल्याचा.

त्याला कोणी सांगितलं नव्हतं असंही नाही. आदल्याच वर्षी क्लीव्हलँड संघाच्या केलन विन्स्लोने पार्किंग लॉटमध्ये मोटारसायकलवर कसरती करताना गुडघा घालवला होता आणि त्याचा अख्खा हंगाम गेला होता. तेव्हा स्टीलर्सचे कोच बिल काउअर बेनशी बोलले होते. टेरी ब्रॅडशॉ, ज्यांनी क्वार्टरबॅक म्हणून स्टीलर्सला चार सुपर बोल जिंकून दिले, त्यांनीही गाडी बाजूला ठेव म्हणून जाहीरपणे बजावलं होतं. एनएफएलच्या, म्हणजे या लीगच्या, ठरावीक नमुन्याच्या करारातच लिहिलेलं असतं की क्लबच्या लेखी परवानगीशिवाय मोठ्या दुखापतीचा धोका असलेलं काही करायचं नाही. कागदावर सगळं होतं, फक्त डोक्यावर काही नव्हतं.

त्या संध्याकाळी ताईकडे जेवायला गेलो होतो. आमचे दाजी मूळचे पुण्याचे, त्यांच्याकडे हार्ली. मी मूळचा कोल्हापूरचा. शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी बघत वाढलेला, त्यामुळे संघासाठी जीव टाकणं मला कोणी शिकवावं लागलं नाही. इथे आल्यावर हा वेगळा फुटबॉल मला दाजींनीच दाखवला. ते ऋण आहे आणि मी ते नाकारत नाही. पण त्या रात्री टीव्हीवर हॉस्पिटलबाहेरची दृश्यं चालू असताना ते म्हणाले, "चूक त्या बाईंची. हेल्मेटचा काय संबंध?"

तिथून जो वाद सुरू झाला तो आजवर चालू आहे.

चूक बाईंची होती हे बरोबरच. माझंही म्हणणं तेच आहे: चूक समोरच्याचीच असणार, म्हणून तर हेल्मेट घालायचं. १९८१ साली कॅलिफोर्नियात हॅरी हर्ट यांनी मोटारसायकल अपघातांचा जो मोठा अभ्यास केला, त्यात दुसरी गाडी गुंतलेल्या अपघातांपैकी दोन तृतीयांशांमध्ये दुसऱ्या गाडीवाल्यानेच मोटारसायकलवाल्याचा हक्काचा रस्ता तोडलेला होता. त्यातून पिट्सबर्गची खास रीत म्हणजे 'पिट्सबर्ग लेफ्ट'. सिग्नल हिरवा झाला की समोरचा डावीकडे वळणारा पहिला सटकन घुसतो, आणि सरळ जाणारे त्याला हात करून जाऊ देतात. नियमात हे कुठेही बसत नाही, तरी इथे तो शिष्टाचार मानला जातो. चारचाकीत बसलेल्याला गंमत वाटते. दुचाकीवाल्याला वाटू नये. (तुमच्या भाच्याला हे आवर्जून सांगा. बाहेरगावच्या पोरांना पहिला हिवाळा उलटेपर्यंत हे लक्षातच येत नाही. शिवाय इथल्या काही पुलांवर लोखंडी जाळी असते, तिच्यावर पुढचं चाक आपोआप हलतं. तिथे हँडल आवळून धरायचं नाही.)

माझं स्वतःचं सांगतो. त्यानंतर काही वर्षांनी मी सुझुकी एसव्ही ६५० वर पेन अव्हेन्यूने घरी येत होतो. पाऊस नुकता थांबलेला, वेग बेताचा, हेडलाइट चालू. समोरची गाडी सिग्नल न देता डावीकडच्या पार्किंगमध्ये वळली. मी दोन्ही ब्रेक लावले, पुढचं चाक ओल्या पट्ट्यावर घसरलं आणि मी तोंडावर घसरत गेलो. कॉलरबोन मोडलं. बाकी शाबूत.

ते हेल्मेट मी नंतर नीट बघितलं. फुल फेस होतं. हनुवटीवरचा काळा रंग पार खरवडून गेला होता, खालचे फायबरचे धागे वर आले होते आणि त्यात डांबराची बारीक खडी रुतून बसली होती. काच एका बाजूने उखडलेली. बेनचा जबडा जिथे मोडला, नेमकी तीच जागा. ताईने त्या खरवडलेल्या भागावरून बोट फिरवलं, काही बोलली नाही, आणि ते उचलून त्यांच्या गॅरेजमध्ये हार्लीच्या शेजारच्या फळीवर ठेवलं.

आणि दाजी काय म्हणाले? "तुझा कंट्रोल कमी पडला. मी असतो तर निघून गेलो असतो."

हे वाक्य मी विसरलेलो नाही. इथेच तुमचा पहिला प्रश्न येतो, कारण दाजी क्वार्टरबॅकसुद्धा असाच बघतात. उंची किती, हात किती मोठा, चेंडू किती लांब जातो. फेब्रुवारीच्या सुमारास इंडियानापोलिसला कम्बाइन नावाचा मेळावा भरतो. तिथे कॉलेजातून आलेल्या पोरांना पळायला लावतात, उड्या मारायला लावतात, तळहात पट्टीने मोजतात. मग एप्रिलात ड्राफ्ट, म्हणजे संघांनी पाळीपाळीने पोरं उचलायची. २०२२ साली स्टीलर्सनी विसाव्या नंबरला केनी पिकेटला घेतलं, इथल्याच पिट युनिव्हर्सिटीचा. त्याचा हात अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साडेआठ इंच. अख्ख्या गावात या साडेआठ इंचांची चर्चा. दाजींनी पहिल्याच दिवशी निकाल दिला की डिसेंबरच्या थंडीत चेंडू याच्या हातातून निसटणार. २०२४ साली पिकेटला फिलाडेल्फियाला देऊन टाकलं आणि तेव्हापासून प्रत्येक दिवाळीला "मी म्हणालो नव्हतो?" ऐकावं लागतं.

माझं मत स्वच्छ आहे. पिकेट हातामुळे गेला नाही. समोर जागा नीट तयार असतानाही तो घाईने उजवीकडे पळायचा आणि मधल्या पट्ट्यात मोकळा असलेला गडी त्याला दिसायचाच नाही. क्वार्टरबॅकला चेंडू हातात आल्यावर अडीच-तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात चार-पाच जणांपैकी कोण मोकळा आहे, समोरचा बचाव खोटं काय दाखवतोय, आणि न दिसणाऱ्या बाजूने कोण अंगावर येतंय, हे सगळं वाचायचं असतं. पट्टीने हे मोजता येत नाही. ब्रॉक पर्डी त्याच २०२२ च्या ड्राफ्टमध्ये २६२ वा होता, म्हणजे सगळ्यात शेवटचा, आणि पुढच्याच हंगामात सॅन फ्रान्सिस्कोला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. हो, पुढच्याच म्हणजे २०२३ च्या. पुढे सगळ्यांत यशस्वी ठरलेला टॉम ब्रेडी १९९ वा. आणि आमच्या स्टीलर्सनी तर १९५५ साली जॉनी युनायटसला, याच गावच्या पोराला, एकही सामना न खेळवता घरी पाठवलं. १९८३ ला डॅन मरीनो, जन्म इथला, कॉलेज इथलं, एकविसाव्या नंबरला समोर उभा असताना सोडून दिला. दोघेही पुढे दंतकथा झाले, दुसऱ्यांच्या गावात.

मग बघायचं काय? माझ्या हिशोबाने तीन वर्षं कॉलेजात सलग खेळलेला, पडल्यावर पुढच्या डावात तितक्याच शांतपणे उभा राहणारा, आणि पहिला पर्याय बंद झाला की दुसऱ्याकडे नजर वळवणारा पोरगा. बेन असाच होता. शाळेत शेवटचं वर्ष येईपर्यंत त्याला क्वार्टरबॅक खेळायलाच मिळालं नव्हतं, तिथे कोचचा मुलगा खेळायचा. हा चेंडू झेलणाऱ्यांत. कदाचित म्हणूनच झेलणाऱ्याच्या जागेवरून मैदान बघायची त्याला सवय होती. १ फेब्रुवारी २००९ चा सुपर बोल, ॲरिझोनाविरुद्ध, तीन गुणांनी मागे. डाव्या कोपऱ्यातला पास सँटोनियो होम्सच्या हातांतून गेला. पुढच्याच डावात बेनने त्याच होम्सला उजव्या कोपऱ्यात टाकला, तीन बचावपटूंच्या डोक्यावरून, आणि होम्सने पायाची बोटं टेकवून तो घेतला. पस्तीस सेकंद उरले होते. २७-२३.

दाजी म्हणतात, "बेन वाचलाच की." वाचला. पण तो सेकंड अव्हेन्यूवर थोडा वेगळा आपटला असता, तर हा पास कोणी टाकला असता? याचं उत्तर त्यांनी मला कधी दिलेलं नाही.

इथून दक्षिणेला तासाभरावर वेस्ट व्हर्जिनियाची हद्द लागते. तिथे हेल्मेट सगळ्यांना सक्तीचं. उन्हाळ्यात आम्ही त्या बाजूला फिरायला जातो तेव्हा दाजी हद्दीवर थांबून हेल्मेट घालतात आणि परतताना त्याच जागी काढून मागे बांधतात. रस्ता तोच, वळणं तीच, बदलते फक्त पोलिसांची वर्दी. २०१९ च्या सुरुवातीला पुण्यात हेल्मेटसक्तीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा त्या बातम्या त्यांनी मला अभिमानाने पाठवल्या होत्या. मी उत्तरादाखल गॅरेजच्या फळीवरचा फोटो पाठवला.

दोन-तीन गोष्टी राहिल्या. २००६ चा हंगाम ८-८ असा गेला आणि बेनने २३ इंटरसेप्शन टाकली, म्हणजे त्याचे २३ पास समोरच्या संघाने झेलले. याचा सगळा दोष मी अपघाताला देत नाही. सप्टेंबरात त्याचं अपेंडिक्सचंही ऑपरेशन झालं होतं. बेनला मी खेळाडू म्हणूनच मानतो. मैदानाबाहेरच्या वर्तनासाठी २०१० मध्ये लीगने त्याला निलंबित केलं होतं, आणि ते योग्यच केलं. क्वार्टरबॅकबद्दलचा माझा नियमही सगळीकडे लागू पडत नाही. बफलोचा क्वार्टरबॅक जोश ॲलन, त्याचे वायोमिंगच्या कॉलेजात शंभरातले छप्पनच पास नीट पोचायचे. माझ्या मोजपट्टीवर तो बसत नव्हता, दाजींच्या बसत होता, आणि २०२४ च्या हंगामात तो एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. दाजी हे वाचणार आहेत, म्हणून लिहून ठेवतो.

भाच्याला मोटारसायकल घेऊ नको असं सांगू नका, तो ऐकणार नाही, आणि या डोंगराळ भागात ऑक्टोबरात गाडी चालवण्यासारखं सुख नाही. त्याला क्लास एम परमिट, म्हणजे मोटारसायकलचं लर्निंग लायसन्स, घ्यायला सांगा आणि राज्याचा सेफ्टी कोर्स करायला लावा. पेनसिल्व्हेनियाच्या रहिवाशांना तो फुकट किंवा थोडक्या पैशांत मिळतो. कोर्स पास झाला आणि वय एकवीस पूर्ण असेल, तर तो उद्यापासून कायद्याने बिनहेल्मेट फिरू शकेल. इथेच तुम्ही आडवं पडायचं. फुल फेस, मागे बाहेरून डॉटचं (अमेरिकी वाहतूक खात्याच्या सुरक्षा मानकाचं) लेबल असलेलं, गाल दाबले जातील इतकं घट्ट. गाडी सेकंडहँड चालेल, हेल्मेट नवंच हवं, कारण आधी आपटलेलं असेल तर बाहेरून कळत नाही. विद्यार्थी आहे, पैसे कमी पडत असतील तर या दिवाळीला त्याला तुम्हीच पाठवा.