पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त प्रश्न एकाच दुखण्याचे आहेत. व्हायरस काढला आणि कॉम्प्युटरने मालकालाच बाहेर काढलं. त्यातल्या बऱ्याच जणांचा समज असा की लायसन्स संपल्यामुळे विंडोजने कुलूप घातलंय. म्हणून सगळी जागा त्यालाच दिली, प्रिंटरवाल्यांनी जरा थांबा.

प्रश्न : सर नमस्कार, लॅपटॉपवर विंडोज आणि ऑफिस दोन्हीसाठी ओळखीच्या एकाने अ‍ॅक्टिव्हेटर टाकून दिला होता (पैसे न देता लायसन्स चालू करणारा प्रोग्राम), टाकताना अँटीव्हायरस बंद करा असं लिहिलं होतं म्हणून तो पण बंद केला. काही दिवसांनी आपोआप जाहिराती उघडायला लागल्या, मग मी अँटीव्हायरस परत चालू करून पूर्ण स्कॅन मारला, त्याने ढीगभर गोष्टी सापडल्या म्हणून डिलीट केल्या आणि रीस्टार्ट मागितला. आता पासवर्ड टाकला की वेलकम येतं आणि नंतर नुसता काळा स्क्रीन, माउसचा बाण तेवढा हलतो. कोपऱ्यात आधी अ‍ॅक्टिव्हेट विंडोज असं यायचं, म्हणजे लायसन्स गेल्यामुळेच लॉक झालं ना? भाचा म्हणतो फॉरमॅट मार. पण सगळे फोटो त्यातच आहेत हो.

उत्तर : ताई, भाच्याला सांगा जरा दम धर. फॉरमॅट कुठे पळून जात नाही, फोटो मात्र जातील.

आधी लायसन्सचं. विंडोज १० आणि ११ अ‍ॅक्टिव्हेट नसेल तर कोपऱ्यात ती फिकट अक्षरं येतात, वॉलपेपर आणि रंग बदलायची सेटिंग बंद होते, बस. लॉगिन अडवत नाही. ही भीती एक्सपीच्या काळापासूनची आहे, २००१ सालच्या त्या विंडोजमध्ये ३० दिवसांत अ‍ॅक्टिव्हेट नाही केलं तर खरंच आत जाता यायचं नाही, व्हिस्टामध्येही सुरुवातीला तसंच काहीसं होतं, २००८ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकनंतर ते काढून टाकलं. पण लोकांच्या डोक्यातून काही गेलं नाही.

मग तुमचं काय झालंय? पासवर्ड बरोबर निघाला की विंडोज आधी युजरइनिट नावाचा छोटा प्रोग्राम चालवतं आणि तो पुढे एक्सप्लोरर चालू करतो, म्हणजे तुमचा डेस्कटॉप, टास्कबार वगैरे. या दोघांची नावं रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या वहीत, विनलॉगऑन नावाच्या जागी लिहिलेली असतात, एक नोंद युजरइनिट, दुसरी शेल, म्हणजे एक्सप्लोररची. व्हायरसवाल्यांना ही जागा फार आवडते, कारण इथे आपलं नाव घातलं की दर लॉगिनला आपोआप चालायची सोय होते. आता अँटीव्हायरसने ती वाईट फाइल उडवली पण रजिस्ट्रीतली नोंद तशीच राहिली. विंडोज बिचारं नसलेल्या फाइलला हाका मारत बसतं. एक्सपीच्या वेळी ब्लेझफाइंड नावाच्या, जाहिराती दाखवणाऱ्या अ‍ॅडवेअरने हाच घोळ केला होता, त्याची फाइल काढली की लोक लॉगिन करायचे आणि त्याच क्षणी लॉगऑफ व्हायचे, परत लॉगिन, परत लॉगऑफ. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

तुमच्याकडे काळा स्क्रीन येतोय, लॉगऑफ होत नाहीये, म्हणजे युजरइनिट चालतोय आणि शेलची नोंद बिघडलीय असा माझा अंदाज. तपासायला सोपं आहे. त्याच काळ्या स्क्रीनवर कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात रन न्यू टास्कवर जाऊन एक्सप्लोरर डॉट ईएक्सई टाइप करा. डेस्कटॉप आला? आला असेल तर आधी फोटो पेन ड्राइव्हवर घ्या, मगच पुढचं. फक्त फोटो आणि कागदपत्रं घ्या हं, सेटअपच्या फाइली आणि तो अ‍ॅक्टिव्हेटर तिकडे सोबत नेऊ नका.

मग त्याच रन न्यू टास्कमधून रेजएडिट, म्हणजे रजिस्ट्री उघडायचा प्रोग्राम, खाली अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या टिकमार्कसकट. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगऑन असं आत जा. शेलसमोर फक्त एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढंच पाहिजे. युजरइनिटसमोर सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम३२ मधल्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा पूर्ण पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम. तो स्वल्पविराम चुकून राहिलेला नाही, तो असतोच, साफसफाईच्या नादात काढू नका. स्वल्पविरामानंतर अजून काही लिहिलेलं असेल तर ते मात्र पाहुणं आहे, उडवा. आणि एचकी करंट युजरखाली सेम त्याच पत्त्यावर अजून एक शेल दिसला तर तो तिथे एरवी नसतो, तोही काढायचा, पुष्कळ जण वरचं दुरुस्त करतात आणि हे विसरतात.

टास्क मॅनेजरच उघडला नाही तर रिकव्हरीतून, म्हणजे विंडोजच्या दुरुस्तीच्या भागातून, जावं लागेल. लॉगिनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरायचं आणि पॉवरच्या चिन्हातून रीस्टार्ट. निळा मेनू येतो, त्यात ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड, कमांड प्रॉम्प्ट. इथे बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला लावलेल्या कुलपाची, किल्ली मागितली तर घाबरू नका, ४८ आकडी नंबर असतो, बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेला असतो, फोनवरून लॉगिन करून बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये नोटपॅड असं टाइप करा, होय नोटपॅडच, त्याच्या फाइल मेनूतलं ओपन दाबलं आणि खाली ऑल फाइल्स निवडलं की त्या खिडकीतून फोटोंचं फोल्डर राइट क्लिकने कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतं. कॉपी होताना पट्टी बिट्टी काही दिसत नाही, हँग झाल्यासारखं वाटतं, चहा घेऊन या.

रिकव्हरीतून रजिस्ट्री उघडताना मी स्वतः एकदा अर्धा तास घालवलाय म्हणून सांगतो. तिथे रेजएडिट टाइप केलं की जी रजिस्ट्री दिसते ती तुमची नसतेच, रिकव्हरीची स्वतःची असते. मी मोठ्या ऐटीत शेल दुरुस्त केला, रीस्टार्ट केलं, परत काळं. परत केलं, परत काळं. मग ट्यूब पेटली. आपली रजिस्ट्री बघायला एचकी लोकल मशीनवर क्लिक करून फाइल मेनूतून लोड हाइव्ह घ्यायचं (हाइव्ह म्हणजे रजिस्ट्रीची फाइल), आणि तुमच्या विंडोजच्या फोल्डरात सिस्टम३२, त्यात कॉन्फिग, त्यातली सॉफ्टवेअर नावाची फाइल निवडायची, तिला काहीतरी नाव द्यायचं, त्या नावाखाली विनलॉगऑन शोधायचं. झालं की अनलोड हाइव्ह. रिकव्हरीत सी ड्राइव्हचा कधीकधी डी होतो, तेव्हा यूझर्सच्या फोल्डरात आपलं नाव दिसतंय का बघून खात्री करा.

आत गेल्यावर डिफेंडरचा, म्हणजे विंडोजच्याच अँटीव्हायरसचा, ऑफलाइन स्कॅन मारा, तो विंडोज चालू व्हायच्या आधी चालतो त्यामुळे लपलेले पण सापडतात. आणि पासवर्ड बदला, पण दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. अशा अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर ब्राउझरमधले पासवर्ड चोरणारे प्रोग्राम सर्रास येतात, त्यामुळे मेल आणि बँक आधी, सगळीकडून लॉगआउट करा हा पर्याय पण दाबा, नुसता पासवर्ड बदलून चालू असलेलं लॉगिन कधीकधी तसंच राहतं.

आता त्या अ‍ॅक्टिव्हेटरबद्दल, रागावत नाहीये. मोठ्या कंपन्यांत केएमएस नावाचा सर्व्हर असतो, किमान २५ कॉम्प्युटर असले तर तो विंडोजला अ‍ॅक्टिव्हेट करतो, तेही १८० दिवसांपुरतं, आणि कॉम्प्युटर दर ७ दिवसांनी त्याला विचारून मुदत वाढवून घेतो. अ‍ॅक्टिव्हेटर तुमच्याच लॅपटॉपवर त्या सर्व्हरचं सोंग घेऊन बसतो. म्हणून त्याला मुदत वाढवायला पुन्हा पुन्हा चालावं लागतं, म्हणून तो अँटीव्हायरस बंद करायला लावतो. तुम्ही स्वतःच वॉचमनला सुट्टी दिलीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, तिरकी रेघ, एक्सपीआर टाइप करून बघा, घरच्या लॅपटॉपवर मुदत संपायची तारीख आली तर हेच प्रकरण.

गंमत म्हणजे तुम्हाला त्याची गरजच नसेल कदाचित. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, जे लॅपटॉप विंडोजसकट विकले जातात त्यांची लायसन्सची किल्ली मदरबोर्डच्या चिपमध्येच लिहिलेली असते. कुणीतरी विंडोजच्या होम एडिशनच्या जागी प्रो एडिशन टाकतं, ती किल्ली त्याला लागत नाही, मग अ‍ॅक्टिव्हेटर शोधतं. तीच मूळची एडिशन टाकली तर इंटरनेट जोडल्यावर आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होतं, कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. ऑफिसचं लायसन्स गेलं तरी फाइली उघडतात, वाचता येतात, प्रिंट निघते, फक्त बदल करता येत नाहीत. पत्रं आणि हिशेब एवढंच असेल तर लिब्रेऑफिस टाका, फुकट आहे आणि सरळ आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांच्या जुन्या विंडोज ७ वर तुमचं लायसन्स संपलंय, या नंबरवर फोन करा असा मोठा निरोप आला. त्यांनी फोन केला, समोरच्याने रिमोटने कॉम्प्युटर हातात घेतला, पैसे मागितले, बाबांनी नाही म्हणून फोन ठेवला. आता चालू केल्यावर लॉगिनच्या आधीच एक छोटी खिडकी येते आणि कॉम्प्युटर सुरू करण्यासाठी पासवर्ड मागते. बाबांचा पासवर्ड चालत नाही.

उत्तर : चालणार नाही, कारण तो बाबांचा नाहीच, त्या माणसाने घातलेला आहे. याला सिसकी म्हणतात. विंडोजमधलीच जुनी सोय, पासवर्डांच्या साठ्याला अजून एक कुलूप. ठगांनी तिचा इतका गैरवापर केला की विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून ती काढूनच टाकली. बाबांनी पैसे दिले नाहीत हे उत्तम केलं, त्यांना बोलू नका.

अंदाजपंचे पासवर्ड टाकत बसू नका. कॉम्प्युटर चालू होताना एफ८ दाबून रिपेअरमध्ये जा (तिथे पासवर्डवरून अडवलं तर विंडोज ७ ची डीव्हीडी लावून) आणि आधी सिस्टम रिस्टोअर, म्हणजे विंडोजला मागच्या तारखेच्या स्थितीत नेणारी सोय, बघा, पण हे लोक बहुतेक वेळा रिस्टोअर पॉइंट पुसून जातात. नसेल तर कमांड प्रॉम्प्टमधून सिस्टम३२ च्या कॉन्फिग फोल्डरात रेगबॅक शोधा. विंडोज ७ तिथे रजिस्ट्रीची एक प्रत अधूनमधून स्वतःच ठेवतं. पाच फाइली असतात, सॅम, सिस्टम, सिक्युरिटी, सॉफ्टवेअर, डिफॉल्ट. त्यांची तारीख त्या फोनच्या आधीची आहे का आणि साइज शून्य नाही ना, एवढं बघा. दोन्ही बरोबर असेल तर कॉन्फिगमधल्या आत्ताच्या पाचही फाइली आधी बाजूला ठेवा आणि रेगबॅकमधल्या तिकडे कॉपी करा. पाचही एकदम, एकटी सॅम बदलून भागत नाही. आणि हे आजच करा, उगाच चालू ठेवून बघू नका, नाहीतर विंडोज त्या प्रतीवर नवी बिघडलेली प्रत ठेवायची भीती, मग वाट संपली. नवीन विंडोजवाल्यांनी हा उपाय शोधू नये, विंडोज १० च्या १८०३ पासून रेगबॅकमधल्या फाइली रिकाम्याच असतात.

तुमचे बाबा पहिले नाहीत एवढं त्यांना जरूर सांगा. १९८९ साली पोस्टाने फ्लॉपी वाटून पसरवलेला एक प्रोग्राम होता, एड्स ट्रोजन. कॉम्प्युटर साधारण ९० वेळा चालू केला की तो फाइलींची नावं गोंधळून टाकायचा आणि म्हणायचा, सॉफ्टवेअरचं लायसन्स नवीन करा, १८९ डॉलर पनामातल्या पोस्ट बॉक्सवर पाठवा. खंडणीचा पहिला व्हायरस आणि त्याचं सोंग लायसन्सचंच.

हो, आणि विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून सुरक्षा अपडेट नाहीत. आत शिरता आलं की फाइली काढा आणि त्या मशीनला इंटरनेटपासून लांब ठेवा.

प्रश्न : मदरबोर्ड बदलल्यावर विंडोज १० अ‍ॅक्टिव्हेट नाही असं दाखवतंय, लायसन्स तर माझं ओरिजिनल होतं.

उत्तर : विंडोजसाठी मदरबोर्ड म्हणजेच कॉम्प्युटर. तुम्ही स्वतंत्र विकत घेतलेलं लायसन्स असेल आणि आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलं असेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅक्टिव्हेशनमध्ये ट्रबलशूट दाबा, मी नुकतंच हार्डवेअर बदललंय असा पर्याय येतो. लॅपटॉपबरोबर आलेलं असेल तर ते त्या जुन्या बोर्डाबरोबर गेलं. वॉरंटीत बोर्ड बदलला असेल तर ज्यांनी बदलला त्यांनाच धरा, नवीन बोर्डात किल्ली लिहिणं त्यांचं काम.

प्रश्न : व्हायरस काढल्यापासून पासवर्ड चुकीचा म्हणतंय, शंभर टक्के बरोबर टाकतोय. आता तर अकाउंट लॉक झालं म्हणतंय.

उत्तर : भाऊ, हात काढा कीबोर्डवरून. नवीन विंडोज ११ मध्ये १० वेळा चुकलं की १० मिनिटं अकाउंट बंद, त्यामुळे आधी १० मिनिटं गप्प बसा. मग लॉगिनच्या स्क्रीनवर उजव्या कोपऱ्यात भाषा बघा. तिथे मराठी असेल तर तुम्ही इंग्रजी पासवर्डाच्या जागी मराठी अक्षरं टाइप करताय, आणि ठिपक्यांमुळे दिसत नाहीये. डोळ्याचं चिन्ह दाबून बघा काय उमटतंय. माझ्याकडे आलेल्या अशा तक्रारींत निदान दोघांचं तरी एवढंच निघालं होतं. तेही नसेल आणि मायक्रोसॉफ्टचं अकाउंट असेल तर फोनवरून पासवर्ड रीसेट करा, फक्त जुना नंबर आणि मेल दोन्ही हातात असताना, कारण दोन्ही एकदम बदलायला गेलात तर ३० दिवस थांबायला लावतात.